मदत हवी आहे: नवा फ्लोट टाकला तरी ट्रॅक्टरचा डिझेल काटा वर येत नाही

संत्रा_बाग:
नमस्कार मंडळी. ४५ एचपीचा ट्रॅक्टर आहे, १२ व्होल्टची बॅटरी, बोनेटखाली पत्र्याची टाकी. टाकी गच्च भरली तरी चाबी लावल्यावर डिझेलचा काटा पावच्या खालीच राहते. धुऱ्यावर गचका बसला की एकदम अर्ध्यावर जाते आणि परत पडते. टेम्परेचरचा काटा बरोबर चालते. टाकीतला फ्लोट (डिझेलची पातळी काट्याला कळवणारा तरंगा) नवा टाकून झाला, फरक काहीच नाही. आता अख्खा मीटर बदला म्हणतात. सध्या काटोलकडे बागेत फवारणी सुरू आहे, ट्रॅक्टर दिवसभर ब्लोअरवर. मीटर घ्यायच्या आधी काय तपासू?

वायरिंगवाला:
मीटर राहू द्या, भाऊ. टेम्परेचरचा काटा बरोबर आहे, म्हणजे मीटरपर्यंत करंट येतोय. बऱ्याच जुन्या मीटरमागे दोन्ही काट्यांना मिळून एकच व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो. तो गेला असता तर दोन्ही काटे सोबतच बिघडले असते.

तपासणी टाकीपासून सुरू करा. फ्लोटच्या डोक्यावरची वायर काढा, चाबी ऑन करा आणि काटा पाहा. मग तीच वायर चेसिसच्या उघड्या लोखंडाला टेकवा. काटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निघाला, तर मीटर आणि वायर दोन्ही चांगले. काटा हलू लागला की वायर लगेच काढा; जास्त वेळ टेकवून ठेवली तर मीटरच्या आतली कॉइल तापते. काही काटे सावकाश चढतात, त्यामुळे पाच-दहा सेकंद धीर धरा. हे करताना फ्लोट टाकीत घट्ट बसलेला असू द्या. टाकी उघडी ठेवून ठिणगी पाडू नका, डिझेल असलं म्हणून काय झालं.

आणि हो, टेकवल्यावर काटा हललाच नाही, तर बहुतेक वायर मध्ये कुठेतरी तुटली आहे. बोनेटखालच्या उष्णतेने वायरचं प्लास्टिक कडक होऊन तडकतं, आणि ट्रॅक्टर गोठ्यात उभा राहिला की उंदीर तर आहेतच. मग वायरच्या दोन्ही टोकांना मल्टीमीटर लावून पाहा.

संत्रा_बाग:
करून पाहिलं. वायर काढली तर काटा ‘ई’वर (रिकामी). चेसिसला टेकवली तर ‘एफ’कडे (भरलेली) निघाला. पण तीच वायर टाकीच्या पत्र्याला टेकवली तर पावच्याही वर जात नाही. याचा अर्थ काय?

बारा_व्होल्ट:
अर्थ सरळ आहे, टाकीला अर्थिंग नीट मिळत नाही. टाकी रबरी पट्ट्यांवर बसते, वरून रंग असतो, म्हणून चेसिसशी तिचा संबंध एका छोट्या वायरीवर किंवा बोल्टवरच असतो. तुमच्या मीटरचा काटा फ्लोटच्या वाटेतला विरोध (करंटला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात) कमी झाला की ‘एफ’कडे जातो. अर्थिंग गंजली की फ्लोटच्या विरोधात तिचाही विरोध मिळतो, म्हणून भरलेली टाकीही रिकामी दिसते. गचका बसला की क्षणभर संपर्क येतो, तेव्हा काटा उडी मारतो. फ्लोट बदलून फरक पडणार तरी कसा!

खात्रीसाठी चाबी बंद करा, फ्लोटची वायर काढा, मल्टीमीटर २००० ओहमवर ठेवा. आधी फ्लोटचं टर्मिनल आणि फ्लोटच्या चकतीचा स्क्रू यांमध्ये मोजा, मग तेच टर्मिनल आणि चेसिस यांमध्ये. दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत.

एक गोष्ट यातच पाहून घ्या. बाजारात दोन जातींचे फ्लोट सर्रास मिळतात: एक रिकाम्याला सुमारे २४० ओहम आणि भरल्यावर ३३ ओहम देणारा, दुसरा रिकाम्याला १० आणि भरल्यावर १८०. पाच स्क्रूंची चकती दोघांचीही सारखी असू शकते, त्यामुळे दुकानदार चुकीचाही हातात देतो आणि तो बसतोही. मग काटा उलटा चालतो.

संत्रा_बाग:
टाकी भरलेलीच आहे. टर्मिनल ते स्क्रू ३८ ओहम, टर्मिनल ते चेसिस १९०.

बारा_व्होल्ट:
फ्लोट बरोबर जातीचा आहे. वरचे सुमारे १५० ओहम अर्थिंगमध्ये अडकलेत.

अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या, दोन्ही टोकांना गोल लग (बोल्टखाली बसणारी कडी) दाबून बसवा. एक टोक फ्लोटच्या चकतीच्या स्क्रूखाली, दुसरं चेसिसच्या ६ किंवा ८ मिमीच्या बोल्टखाली. बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने लोखंड चमकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर टाका, कसून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा. ग्रीस किंवा रंग कसण्याच्या आधी लावू नका, संपर्कच तुटतो.

चकतीचा एकच स्क्रू सोडा आणि पुन्हा हलक्या हाताने कसा. जोर लावला तर धागे जातात आणि गॅस्केट चिरतं. गॅस्केट गळत असेल तर नायट्राइल रबराचंच टाका. बरेच जण साधा सिलिकॉन लावून मोकळे होतात, पण तो डिझेलमध्ये फुगून सुटतो आणि त्याचे तुकडे फिल्टरपर्यंत जातात.

वायरिंगवाला:
जुना फ्लोट फेकला नसेल तर कानाजवळ हलवून पाहा. आत खळखळ आली तर डिझेल शिरलं आहे. नसेल, तर ओहम मोजत दांडी सावकाश वर-खाली करा. आकडा मध्येच गायब झाला तर आतली विरोधाची पट्टी घासली आहे. तसं काही नसेल तर तो चांगलाच होता, जपून ठेवा. पट्टीवर पॉलिश पेपर मात्र कधीच फिरवू नका, तिच्यावरची तार केसाएवढी असते. कॉन्टॅक्ट क्लीनर पुरे.

संत्रा_बाग:
वायर टाकली. आता टर्मिनल ते चेसिस ३९ ओहम, काटा ‘एफ’च्या जरा खाली थांबला. पण बागेत उतारावर गेलं की पाव टाकीचा फरक पडते, हे बरोबर आहे का?

बारा_व्होल्ट:
बरोबर आहे. टाकी लांबट, फ्लोट एका जागी. उतारावर डिझेल ज्या बाजूला गेलं तेच तो सांगणार. वाचन सपाट जागेवर, ब्लोअर बंद करून घ्या. ‘एफ’च्या खालचा फरक छळत असेल तर फ्लोटची दांडी दोन-तीन मिलिमीटर वर-खाली वाकवून जुळवता येते, पण वाकवल्यावर ती टाकीच्या भिंतीला किंवा आतल्या आडव्या पत्र्याला घासत नाही ना, ते पाहा.

पुढच्या वेळी टाकी खालपर्यंत आली की मापाच्या डब्याने ५-५ लिटर टाकत काटा कुठे येतो ते कागदावर लिहा. काटा आणि लिटर सरळ हिशेबात चालत नाहीत, विशेषतः खालच्या पाव भागात. टाकी कोरडी पडून पाइपात हवा धरण्याच्या भानगडीत पडायचं नसेल तर १० लिटरला काटा जिथे येतो तिथे मीटरच्या काचेवर खडूने खूण करून ठेवा आणि काटा तिथे आला की डिझेल भरा.