बीपीचं मशीन: मनगटाचं की दंडाचं?

मयूर_कोथरूड:
बाबांना (वय ७१) डॉक्टरांनी आठवडाभर घरी बीपी बघून लिहून आणायला सांगितलंय. कर्वे रोडवरच्या मेडिकलवाल्याने मनगटाला बांधायचं मशीन पुढे केलं, "हल्ली सगळे हेच नेतात." बाबा तालमीतले, दंड अजून भरदार. काय बघून घ्यावं?

निवृत्त_सिस्टर:
मनगटाचं नको रे. हात हृदयाच्या पातळीच्या जरा वर-खाली झाला की आकडा बदलतो. दंडाचंच घे.

पण आधी बाबांचा दंड मोज. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध शिवणकामाची टेप लाव. खोक्यात बहुतेक वेळा २२ ते ३२ सेंटिमीटरचा पट्टा येतो. दंड त्याहून जाड असेल तर बीपी उगाच जास्त दिसतं, आणि मग गोळी वाढते! २२ ते ४२चा पट्टा मिळतो, तो माग.

ब्लूटूथ, बोलणारं मशीन, असल्या नादी लागू नकोस. स्ट्राइड बीपीच्या साइटवर तपासलेल्या मशीनांची यादी आहे, त्यात मॉडेल नंबर शोध. नुसतं कंपनीचं नाव बघून भागत नाही.

मयूर_कोथरूड:
३५ भरला, ताई. बाबा म्हणतात, "पूर्वी सोळा इंच होता!" पण शेजारच्या काकांचं मशीन लागोपाठ तीनदा तीन आकडे दाखवतं. ते बिघडलंय का?

निवृत्त_सिस्टर:
थोडाफार फरक पडणारच, बीपी एका जागी थांबत नाही. काका चहाचा कप हातात घेऊन, गप्पा मारत बघत असतील तर विचारूच नकोस. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ दे. लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात टेबलावर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. पट्टा उघड्या दंडावर. बाही वर सरकवून तिचा पीळ दंडात रुततो, त्यापेक्षा सदरा काढलेला बरा. सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री, मिनिटाच्या अंतराने दोनदा. पहिला दिवस सोडून सरासरी काढ. घरी १३५/८५ च्या वर सरासरी गेली तर जास्त धरतात. दवाखान्यात तीच रेषा १४०/९०.

पेठेतला_पेन्शनर:
नवीन मशीन एकदा डॉक्टरांकडे नेऊन त्यांच्या मशीनशी ताडून बघा. आणि बाबांचे ठोके अनियमित असतील तर आधी सांगा त्यांना, अशा वेळी ही मशीनं गडबडतात.

मयूर_कोथरूड:
ठोके ठीक आहेत. मोठा पट्टा दुकानात नाही. दुसऱ्या कंपनीचा सुटा घेतला तर चालेल?

निवृत्त_सिस्टर:
नाही. त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलला चालणारा. दोन दिवस थांब, पण तोच मागव.