सोसायटी ग्रुप : खालचा स्पीकर आणि फुटबॉलची गाणी

सौ. देसाई (ए-१०२): सर्वांना नमस्कार. आज परत तेच. खाली पोरं फुटबॉल खेळालेत आणि स्पीकरवर तेच 'वाका वाका'. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. सासूबाई परवाच दवाखान्यातून घरी आल्यात, सगळ्यांना ठाऊक आहे. खेळा की बाबांनो, खेळू नका कोण म्हणालंय? पण बॉल मारायला गाणं कशाला लागतं तेवढं मला कुणीतरी सांगा.

जाधव काका (ए-३०१): रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. २००० सालापासूनचा केंद्राचा नियम आहे.

ओंकार (बी-२०२): काका, आत्ता पावणेआठ वाजलेत.

जाधव काका: माहीत असावं म्हणून टाकलं.

मोरे, सचिव: देसाई वहिनी, लगेच खाली जाऊन आवाज कमी करायला सांगतो. ओंकार, स्पीकर गेटजवळ ठेवलात की सगळा आवाज ए विंगवर आदळतो, हे गणपतीतच बोलणं झालं होतं. रविवारची ए-बी विरुद्ध सी-डी मॅच आहे, सराव पाहिजे, सगळं मान्य. पण घरात आजारी माणूस आहे.

शिंत्रे काकू (ए-२०४): मोरे भावजी, खाली जालाय तर टाकीत पाणी किती चढलंय तेवढं बघून या. आमच्या नळाला नुसती हवा येलाल्या.

सुहास (बी-१०१): वहिनी, राग मानू नका. पण कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की बघा. हलगीचा कडकडाट नसेल तर मॅच सुरू झाल्यासारखी वाटतच नाही. खेळाडूच्या पायात ताकद प्रेक्षक भरतात.

सौ. देसाई: सुहासभाऊ, लग्न करून बेळगावात येऊन किती वर्षं झाली तुम्हाला, अजून कोल्हापूरच. इथं लेले मैदानावर पण मॅचेस होतात. आमचे सासरे बघायला जायचे, घरी येऊन गाणी म्हणालेली नाही ऐकली कधी.

पाटील सर (बी-३०४): देसाई वहिनी, तुमच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यावं असं वाटलं. आयुष्यभर मुलांना मैदानावर पळवलं आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबचं 'यू विल नेव्हर वॉक अलोन' हे गाणं फुटबॉलसाठी लिहिलेलंच नाही. १९४५ साली न्यूयॉर्कला एका संगीत नाटकात ते आलं. नवरा गेलेल्या बाईला धीर द्यायला ते गायलं जातं. १९६३ मध्ये लिव्हरपूलच्याच पोरांच्या एका बँडनं, जेरी अँड द पेसमेकर्सनं, ते नव्यानं गायलं आणि इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेलं. त्या काळी ॲनफिल्डवर, म्हणजे लिव्हरपूलच्या मैदानावर, मॅचच्या आधी त्या आठवड्याची लोकप्रिय दहा गाणी कर्ण्यावर लावायची पद्धत होती. पुढं हे गाणं यादीतून उतरलं, कर्ण्यावर लागायचं थांबलं. तिथले जुने लोक सांगतात की गाणं लागलं नाही तेव्हा उभ्या स्टँडमधल्या लोकांनी ते स्वतःच म्हणायला सुरुवात केली. आज साठ वर्षं झाली, म्हणतातच आहेत. १९८९ मध्ये हिल्सबरोच्या मैदानात चेंगराचेंगरी झाली, त्यात त्यांची ९७ माणसं गेली. त्या घरांना पुढची कित्येक वर्षं न्यायासाठी भांडावं लागलं, तेव्हा ह्याच ओळींनी त्यांना धरून ठेवलं.

म्हणजे बघा, कर्णा बंद पडला त्या दिवशी ते गाणं खरं मैदानाचं झालं. ओंकार, हे तुझ्यासाठी पण लिहिलंय.

कुलकर्णी आजोबा (डी-१०१): फार सुंदर, सर. 🙏 आपल्याकडंही आहे की. मन्ना डे यांचं बंगाली गाणं, 'शोब खेलार शेरा', १९७१ च्या 'धन्यी मेये' चित्रपटातलं. सगळ्या खेळांत श्रेष्ठ तो फुटबॉल, असं बंगाली माणूस त्यात छाती काढून सांगतो. मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या भांडणात अख्खं कलकत्ता वाढलं, त्यांच्याकडं असं गाणं निघणारच.

ओंकार: सर, पण 'वाका वाका' वर्ल्ड कपचं अधिकृत गाणं आहे. २०१०, दक्षिण आफ्रिका. शकीरा.

फर्नांडिस अंकल (सी-१०३): ओंकार बाबा, शकीरानं गायलं, पण ती मूळ चाल कॅमेरूनची. गोल्डन साउंड्स नावाचा ग्रुप होता, राष्ट्राध्यक्षांच्या पहाऱ्यावरचे शिपाई. १९८६ मध्ये त्यांनी 'झांगालेवा' काढलं. त्याच्या आधीपासून सैनिक लोक कवायतीत ते म्हणत होते. म्हणून ऐकलं की पाय आपोआप उचलतात.

सुहास: म्हणजे आपल्या मराठा रेजिमेंटची पोरं सकाळी कॅम्पातून गाणी म्हणत पळतात तसंच की.

फर्नांडिस अंकल: तसंच. पळताना गाणं म्हटलं की दम जुळतो.

जाधव काका: रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. २००० सालापासूनचा केंद्राचा नियम आहे. शिवाय माझ्या गाडीची मागची काच अजून कुणी भरून दिलेली नाही.

ओंकार: काका, ती काच आमच्या बॉलनं फुटलेली नाही हे मीटिंगमध्ये झालंय.

जाधव काका: मीटिंगमध्ये बोलणं झालं. निर्णय झाला नाही.

मोरे, सचिव: कृपया काचेचा विषय इथं नको. आवाज कमी केलाय. टाकी अर्धी आहे.

शिंत्रे काकू: अर्धी म्हणजे पहाटेपर्यंत संपली. सगळ्यांनी आत्ताच बादल्या भरून ठेवा.

हिरेमठ (सी-२०१): नमस्कार. विषय निघालाच आहे तर एक विचारतो. रविवारी मॅचनंतर कार्यक्रम आहे. गाण्यांची यादी मी पाहिली. मराठी आहेत, हिंदी आहेत, इंग्रजी आहेत. कन्नड एकही नाही. सी-डीच्या टीममध्ये निम्मी मुलं घरी कन्नड बोलणारी आहेत. मी तक्रार म्हणून लिहीत नाही.

सुहास: सर, यादी पोरांनी केली. मुद्दाम कुणी काही केलं नाही.

हिरेमठ: मुद्दाम केलं असं मी म्हटलेलं नाही. गेल्या वर्षी पण मुद्दाम नव्हतं.

सौ. देसाई: आता ह्यात भाषा आणू नका बाई. मी आवाजाचं सांगालोय.

पाटील सर: हिरेमठ सरांचं म्हणणं बरोबर आहे, ते बाजूला टाकू नये. युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या मॅचला खेळाडू रांगेत उभे राहतात तेव्हा जे गाणं लागतं, ते टोनी ब्रिटननं १९९२ मध्ये बांधलं. त्यात इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन अशा तिन्ही भाषांत ओळी आहेत. चालीचा पाया त्यानं हँडेल ह्या जुन्या संगीतकाराकडून घेतला. हँडेल जन्मानं जर्मन, आणि १७२७ मध्ये इंग्लंडच्या राजाच्या राज्याभिषेकासाठी त्यानं ते मूळ संगीत केलं होतं. त्या देशांनी एकमेकांशी दोन महायुद्धं लढली आणि आज एकाच गाण्याला मिळून उभे राहतात. आपल्या सोसायटीत दोन भाषा आहेत. दोन्ही आल्याच पाहिजेत, आणि कुणी आठवण करून द्यायची वेळ यायला नको.

हिरेमठ: धन्यवाद सर. 🙏

ओंकार: हिरेमठ अंकल, सॉरी. तुम्ही ओळ द्या, आम्ही पाठ करतो. श्रेयस शिकवेल सगळ्यांना.

फर्नांडिस अंकल: शब्दच पाहिजेत असंही नाही. 'पो पो पो' आठवतंय? २००३ मध्ये बेल्जियमच्या ब्रुगा क्लबचे लोक मॅचसाठी मिलानला गेले होते. तिथल्या बारमध्ये व्हाइट स्ट्राइप्स ह्या बँडचं 'सेव्हन नेशन आर्मी' लागलं आणि ह्यांनी चाल उचलली. त्या रात्री त्यांनी एसी मिलानला त्यांच्याच घरात १-० हरवलं. मग काय, चाल शुभशकुनाची झाली. २००६ ला इटलीच्या रोमा क्लबचे लोक ब्रुगात आले, जिंकले आणि जाताना चाल पण घेऊन गेले. त्याच वर्षी इटली वर्ल्ड कप जिंकली तेव्हा सगळा देश रस्त्यावर तेच गात होता. शब्द एक नाही. बेल्जियन माणसाला चालतं, इटालियनला चालतं. आणि अजून एक, लोकांना ते बेस गिटार वाटतं. बेस नाही. साधी गिटार आहे, पेडलनं सूर एक सप्तक खाली नेलाय. मी वाजवून दाखवतो पाहिजे तर.

सौ. देसाई: आज नको हं, फर्नांडिस भावजी.

सुहास: मी तेच म्हणालोय. हलगी आणू. हलगीला भाषा नसते.

सौ. देसाई: हलगी?? स्पीकरचं बटण तरी फिरवता येतं. हलगीला बटण कुठं असतंय?

जाधव काका: रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. हलगीलाही लागू. ढोल, ताशा, सगळं त्यात येतं.

सुहास: जाधव काका, मॅच सकाळी ९ ला आहे.

शिंत्रे काकू: आणि त्या जर्सीच्या वर्गणीचा हिशोब? आमच्याकडून दोन वेळा घेतली. एकदा मुलाची म्हणून, एकदा फ्लॅटची म्हणून.

मोरे, सचिव: शिंत्रे वहिनी, हिशोब बोर्डावर लावलाय.

शिंत्रे काकू: बोर्डावर पावसाचं पाणी पडून शाई उतरल्या. तिथं तेवढं पाणी आहे.

कुलकर्णी आजोबा: वर्गणीवरून आठवलं. एल्टन जॉन हा मोठा गायक. लहानपणापासून ज्या वॉटफर्ड क्लबच्या मॅचेस बघत वाढला, त्याचाच १९७६ मध्ये अध्यक्ष झाला. तेव्हा क्लब चौथ्या विभागात, अगदी तळाला. स्वतःचा पैसा घातला, ग्रॅहम टेलरसारखा प्रशिक्षक आणला आणि १९८२ मध्ये क्लब पहिल्या विभागात. १९८४ ला इंग्लंडच्या एफए कपची फायनल गाठली. एव्हर्टनकडून हरले. पण ह्या फायनलच्या आधी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर 'अबाइड विथ मी' हे भजन लोक म्हणतात, १९२७ पासूनची रीत आहे, ते सुरू झालं तेव्हा ह्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं. एवढी गाणी लाखो लोकांपुढं गायलेला माणूस, आणि मैदानात दुसऱ्यांचं गाणं ऐकून रडतो. मला हे फार मोठं वाटतं.

पाटील सर: आजोबा, अगदी. आणि २०२२ ची अर्जेंटिना. 'मुचाचोस' हे तिथल्या एका बँडचं जुनं दारू पिण्याचं, प्रेमभंगाचं गाणं. त्याच चालीवर एका शाळामास्तरानं नवे शब्द बसवले. त्यात मॅराडोना आला, मेस्सी आला, फॉकलंडच्या युद्धात गेलेली पोरं आली, हरलेल्या फायनल आल्या. बँडनं नवे शब्द घेऊन ते परत गायलं, खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये म्हणायला लागले आणि कतारात संघ वर्ल्ड कप जिंकला. अधिकृत गाणं दुसरंच होतं, ते किती जणांना आठवतं? लोकांनी हे निवडलं, कारण त्यात त्यांचं दुःख होतं. शिक्षक म्हणून मला त्या माणसाचा हेवा वाटतो.

म्हणून ओंकार, माझी विनंती आहे. स्पीकर घरी ठेवा. दुसऱ्याचं गाणं यंत्रावर लावून तुम्ही नुसते ऐकताय. तुमच्या टीमचं गाणं तुम्ही करा. चाल कुठलीही घ्या, शब्द इथले पाहिजेत. ह्या गेटचे, ह्या चिखलाचे, तुमच्या हरलेल्या मॅचचे. दहा पोरं एका दमात गायला लागली की पास देताना पण एकमेकांकडं बघतात. हे मी मैदानावर बघितलंय.

ओंकार: सर, आम्हाला कुठं येतंय गाणं करायला?

पाटील सर: त्या मास्तराला तरी कुणी शिकवलं होतं? तुम्हाला फक्त चार ओळी पाहिजेत.

सौ. देसाई: सर, तुमचं पटतंय. मनापासून सांगालो. पोरांनी गळ्यानं म्हटलं तर माझी हरकत नाही. पण वेळ ठरवा. संध्याकाळी सहा ते साडेसहा, सासूबाई तेव्हा जाग्या असतात. त्यानंतर आवाज नको. आणि हलगी फक्त रविवारी, मैदानात. दारात नाही.

सुहास: मान्य. हलगी मी कोल्हापुरातून आणतो.

सौ. देसाई: बेळगावात मिळत नाही का हो हलगी?

हिरेमठ: वहिनी, ह्या बाबतीत मी तुमच्या बाजूनं. हलगी आमच्या गावातली आणू. माझ्या भावाकडं आहे, वाजवणारा पण तिथलाच येईल.

जाधव काका: रात्री १० ते

जाधव काका: (चुकून गेला.) सहा ते साडेसहा चालेल. गाडीपासून लांब उभे राहा.

श्रेयस (सी-२०१): ओंकार, सी-डीचं गाणं आम्ही वेगळं करणार. तुमच्यात येणार नाही.

ओंकार: मग तुम्हाला कन्नड ओळ, आम्हाला नाही?

श्रेयस: तुम्हाला पण देतो. पण दुसरी.

पाटील सर: दोन गाणी झाली तर उत्तमच. समोरच्यानं म्हटलं की आपण उत्तर द्यायचं, मॅचमध्ये तसंच असतं. फक्त कुणाच्या घरच्यांवर, जातीवर, भाषेवर एक शब्द नको. तसली गाणीही मोठ्या स्टेडियमवर होतात, त्यापायी क्लबांना दंड बसतात. आपल्याकडं ते नको.

मोरे, सचिव: ठरलं. दोन्ही टीमनी उद्या रात्री आठच्या आत शब्द ह्या ग्रुपवर टाकावेत. पाटील सर आणि हिरेमठ सर दोघं बघतील, मगच गायचं. सराव डी विंगच्या गच्चीवर, सहा ते साडेसहा. गच्चीची किल्ली कुलकर्णी आजोबांकडं. शिंत्रे वहिनी, वर्गणीचा कागद उद्या तुमच्या हातात देतो. एक वर्गणी जास्त आलेली असेल तर परत करू.

फर्नांडिस अंकल: गच्चीवर मी गिटार घेऊन येतो. आवाज हळू. पोरांना सूर तरी एक मिळेल.

सौ. देसाई: या. पण बेस नको हं.