मदत हवी: कोंबड्यांच्या गाडीत फवारणीच्या औषधाचं पोतं, तक्रार कुठे करायची?

डिचोलीत माझं छोटं चिकन सेंटर आहे. ब्रॉयलर बेळगावहून चोर्ला घाटाने येतात. परवा गाडी उतरवताना खालच्या क्रेटना पांढरी भुकटी लागलेली दिसली, वास थेट फवारणीच्या औषधाचा. तळाशी फाटकं पोतं. क्लीनर म्हणाला, "मालक, वाटेत एकाचं शेतीचं सामान टाकलंय." जाळीतून कोंबड्या तीच भुकटी टिपत होत्या! ते क्रेट वेगळे ठेवलेत, एकही कोंबडी कापलेली नाही.

सप्लायर म्हणतो, "जिवंत माल आहे, फूड सेफ्टीवाल्यांचा काय संबंध?" उर्मटपणा सोडला तर मुद्दा अगदीच खोटा नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात, कलम ३ मधल्या 'अन्ना'च्या व्याख्येतून जिवंत प्राणी वगळलेत; खाण्यासाठी बाजारात आणायला तयार किंवा प्रक्रिया केलेले असतील तरच ते अन्न. मग माझ्या दारात कापायला उतरवलेली कोंबडी कशात मोडते? मी सुरी लावली की मात्र मांस माझं, नोंदणी माझी, निस्तरायचंही मलाच.

प्राणी वाहतुकीचे १९७८ चे नियमही चाळले. पक्षी भरण्याआधी पिंजरे धुऊन निर्जंतुक करा, डॉक्टरचा दाखला घ्या, उन्हाळ्यात दर सहा तासांनी पाणी द्या, असं बरंच आहे. २५ अंशांवर तापमान गेलं तर कोंबड्या न्यायच्याच नाहीत म्हणे. गोव्यात मग चिकन कधी मिळणार, ते देव बोडगेश्वरच जाणे. पण सोबत दुसरा माल भरण्याबद्दल काय? एफडीए, पशुसंवर्धन की आरटीओ, जायचं कुणाकडे?

प्रतिसाद:
दादा, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२५-ई बघा. जनावरं नेणाऱ्या गाडीत दुसरा कसलाही माल भरता येत नाही, आणि त्यातल्या जागेच्या तक्त्यात कोंबड्याही आहेत. म्हणजे गाडीची तक्रार आरटीओकडे. 'अन्न' आहे की नाही या वादात तिथे पडावंच लागत नाही.

कोंबड्यांसाठी मात्र आजच पशुसंवर्धन खात्याच्या डॉक्टरांना बोलवा, मेलेली असेल तर ती टाकू नका, त्यांनाच द्या. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० खाली ग्राहकाला फी भरून अन्न तपासून घेता येतं, पण विकत घेतानाच तसं दुकानदाराला सांगावं लागतं. तुमच्या बाबतीत ती वेळ गेली. एफडीएलाही लेखी कळवा, म्हणजे उद्या बोट तुमच्याकडे वळणार नाही. गाडीचा नंबर दिसेल असे फोटो नि मालाचं चलान जपून ठेवा. आणि क्रेट कुणालाही धुऊ देऊ नका.