मुलगा अमेरिकेत फ्रॅटर्निटीचा नवीन चॅप्टर काढतोय, हो म्हणावं का?

विश्रामबागची_आई
नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीचे, मुलगा अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा व्हिडिओ कॉलवर सांगत होता की आम्ही बावीस पोरं मिळून युनिव्हर्सिटीत फ्रॅटर्निटीचा, म्हणजे तिकडच्या कॉलेजातल्या पोरांच्या संघटनेचा, नवीन चॅप्टर सुरू करतोय आणि मला खजिनदार केलंय. मागं भिंतीला कागद चिकटवलेला, त्यावर काळ्या मार्करनं तीन ग्रीक अक्षरं, मला तर वाचताही येईनात. दर सेमिस्टरला वर्गणी पण आहे म्हणे. ह्यांनी मोबाईलवर शोधलं तर दारू पाजून पोरं मेल्याच्याच बातम्या निघाल्या, तेव्हापासून ह्यांचं जेवणात लक्ष नाही. पण खरं सांगू का, पोरगं दीड वर्षात पहिल्यांदा असं खुलून बोलताना बघितलं, पहिल्या वर्षी सुट्टीत सगळे आपापल्या घरी जायचे आणि हा एकटा रूमवर, फोन केला की नुसतं हं हं. आता नाही म्हणायला जीव होत नाही. कुणाला माहिती असेल तर नीट सांगा.

परत_मिरजेला
ताई, मी अकरा वर्षं तिकडं होतो, मला जे माहितीय ते सांगतो. हा प्रकार लई जुना आहे. १७७६ साली व्हर्जिनियात विल्यम अँड मेरी कॉलेजात पाच पोरांनी फाय बीटा कॅपा काढली, तिथनं ही ग्रीक अक्षरांची पद्धत पडली आणि थोड्याच वर्षांत येल आणि हार्वर्डला त्यांच्या शाखा निघाल्या, चॅप्टर म्हणजे हीच शाखा. ती पुढं हुशार मुलांची मानाची संस्था झाली. आज आपण ज्याला फ्रॅटर्निटी म्हणतो तसल्या १८२५ पासून न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात सुरू झाल्या. आणि सगळ्या काय श्रीमंत गोऱ्या पोरांच्या नाहीत. १९०६ ला कॉर्नेलमध्ये सात काळ्या विद्यार्थ्यांनी अल्फा फाय अल्फा काढली कारण त्यांना तिथं जवळ करणारं कुणी नव्हतं, मार्टिन ल्यूथर किंग पुढं त्याच संघटनेचे सभासद झाले. आपल्या भारतीय उपखंडातल्या पोरांनी पण १९९८ ला टेक्सासात ऑस्टिनला डेल्टा एप्सिलॉन साय काढलीय.

चॅप्टर काढणं म्हणजे आपल्याकडं गणपती मंडळ काढल्यासारखं सोपं नसतं. आधी पोरं जमवायची, मग राष्ट्रीय संघटनेकडं अर्ज, युनिव्हर्सिटीची मान्यता, मग बरेच महिने कच्ची मान्यता असते, तेवढ्यात ठरलेली सभासद संख्या, ठरलेले मार्क, समाजसेवेचं काम, हिशोब हे सगळं दाखवायचं आणि मग चार्टर म्हणजे पक्की सनद मिळते. वर्गणीतला मोठा भाग राष्ट्रीय संघटनेला आणि विम्याला जातो. पोरगा खजिनदार आहे तर त्याला विचारा की कुणी पैसे बुडवले तर भरायचे कुणी, घराचं भाडं कुणाच्या नावावर आहे, आणि त्यानं स्वतः कशाकशावर सही केलीय.

होस्टेल_रूम_१४
बाकी सगळं ठीक पण हेझिंगचं विचारा. हेझिंग म्हणजे आपलं रॅगिंगच, फरक एवढाच की तिथं पोरगं स्वतःहून आत जायला बघत असतं म्हणून नाही म्हणत नाही. मी आपल्याच भागातल्या एका होस्टेलवर भोगलंय. रात्री दोनला उठवून व्हरांड्यात ओळीनं उभं करायचे, थंडीत, बनियनवर, आणि तीन महिन्यांनी तेच सीनियर खांद्यावर हात टाकून म्हणायचे आता तू आपला. आणि मला ते ऐकून बरं वाटायचं, ह्याचा आज जास्त त्रास होतो. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण मी कधी तोंड उघडलं नाही.

अमेरिकेत पण डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राचा कायदा झालाय, हेझिंगमध्ये दोषी ठरलेल्या संघटनांची माहिती कॉलेजला जाहीर करावी लागते. त्या राष्ट्रीय संघटनेचे बाकीचे चॅप्टर कुठं कुठं आहेत ते काढा आणि त्या त्या युनिव्हर्सिटीच्या साईटवर जाऊन बघा. एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे, नवीन चॅप्टरला सीनियर नसतात. हीच बावीस पोरं पहिली, ती जे पाडतील तेच पुढं चालणार.

अजिंक्यतारा_पायथा
रूम १४ शी एकदम सहमत. मी साताऱ्याचा, माझे आजोबा कर्मवीर अण्णांच्या बोर्डिंगमध्ये शिकलेले. अण्णांची रयत शिक्षण संस्था १९१९ ला काले गावात सुरू झाली आणि १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग निघालं, २७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं. तिथं सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला, भाकरी पण पोरांनीच थापायच्या, आजोबांच्या हाताला तव्याचा डाग होता तो शेवटपर्यंत दाखवायचे. धान्य संपलं तेव्हा अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं होतं. आजोबा ऐंशीच्या पुढं गेले तरी बोर्डिंगातल्या दोस्ताचं पत्र आलं की दुपारची झोप सोडून बसायचे. ताई, घरापासून लांब पोराला असली माणसं लागतातच हो. ह्यांची पंगत कशी आहे तेवढं बघा, म्हणजे कुणाला आत घेतात, कुणाला नाही आणि का.

विश्रामबागची_आई
सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री दोन तास बोललो त्याच्याशी, हे पण बसले होते. भाडं काही नाही, घरच घेतलेलं नाही अजून, मीटिंग लायब्ररीच्या एका खोलीत होते. त्यांनी नियम लिहायला घेतलेत ते त्यानं वाचून दाखवले, नवीन पोराला दारू द्यायची नाही आणि मध्येच सोडून जायचं असेल तर कारण विचारायचं नाही, हे दोन त्यानं स्वतः घातलेत. पंगतीचं विचारलं तर म्हणाला पाच भारतीय, बाकी सगळीकडचे. मग आम्ही रूम १४ नं सांगितलं तसं साईटवर शोधलं तर त्याच संघटनेचा दुसऱ्या राज्यातला एक चॅप्टर बंद केलेला निघाला, हेझिंगमुळंच. त्याला ते माहीतच नव्हतं, गप्पच झाला एकदम. रविवारी त्यांची मीटिंग आहे, त्यात तो सगळ्यांसमोर हे काढणार आहे. तोवर आम्ही पैसे पाठवलेले नाहीत. रविवारचं काय झालं ते इथं लिहिते.