ओपन सोर्स मराठी ओसीआरला सरकारी फंड मिळतो का? कंपनी नाहीये

गिरगाव_गच्ची:
मंडळी, मी आणि एक मित्र मिळून जुन्या मराठी छापील पुस्तकांसाठी ओसीआर करतोय, स्कॅन टाकला की टाइप केलेला मजकूर मिळतो. जोडाक्षरं अजून गंडतात, 'द्ध'चं 'ध्द' करतं (अर्धी मुंबई तसंच लिहिते म्हणा), पण कामचलाऊ झालंय. कोड ओपनच ठेवायचाय, विकायचा नाहीये. सर्व्हरचं भाडं खिशातून जातंय आणि घरी बोलणी खातोय. स्टार्टअप इंडियाचे २० लाख म्हणतात ते आम्हाला मिळतील का? आणि सरकार कायदे-नियमांच्या मसुद्यांवर सूचना मागवतं तिथे आपण लिहून काही होतं का?

पवईचा_पाव:
ते २० लाख म्हणजे सीड फंड, तो विसर. २०२१ ची स्कीम, अर्ज अजून घेतात का ते बघ, पण डीपीआयआयटीची (केंद्राचा उद्योग विभाग) मान्यता लागते म्हणजे कंपनी, एलएलपी असं काहीतरी हवंच, अर्ज करताना ते २ वर्षांपेक्षा जुनं नको. २० लाखांपर्यंत मिळतात ते प्रोटोटाइपसाठी, तेही इन्क्युबेटरमार्फत (नव्या कंपन्यांना उभं करणारी संस्था) हप्त्याहप्त्याने, आणि इन्क्युबेटरवाले पहिलं विचारणार धंदा कसा करणार, तिथे तू 'फुकट देणार' म्हणालास की चहा पिऊन घरी. निधी-प्रयास ही केंद्राची दुसरी योजना, ती एकट्या माणसालाही मिळते, १० लाखांपर्यंत, पण हातात धरता येईल अशी वस्तू हवी, नुसतं सॉफ्टवेअर चालत नाही.

कुर्ला_स्लो:
मग युरोपकडे बघ ना. नेदरलँड्सचं एनएलनेट फाउंडेशन युरोपियन कमिशनच्या पैशातून ओपन सोर्सला ५ ते ५० हजार युरो देत आलंय, कंपनी लागत नाही, फॉर्मही छोटा. पैसे टप्पा पूर्ण केल्यावरच मिळतात त्यामुळे टप्पे बारीक पाड. सध्या अर्ज मागवतायत का ते आधी बघ आणि परदेशातून पैसे येणार म्हणजे सीएला विचारल्याशिवाय एक पाऊल टाकू नकोस.

वकीलीणबाई:
सूचनांचं सांगते. २०१४ च्या केंद्राच्या धोरणात मसुदा निदान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा असं आहे, पाळतातच असं नाही. डेटा संरक्षण नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये आला तेव्हा सूचना मायगव्ह या सरकारी वेबसाइटवर घेतल्या पण कोणी काय लिहिलं ते जाहीर करणार नाही असंही सांगितलं. ट्राय (टेलिकॉमचं नियामक) बरं, तिथे सगळ्यांचं म्हणणं वेबसाइटवर टाकतात. फ्री बेसिक्सच्या (फेसबुकची ठराविक साइट फुकट दाखवायची योजना) वेळी फेसबुकने लोकांकडून एकाच साच्यातले ढिगाने ईमेल पाठवले आणि ट्रायने उलट झापलं की आम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं यात कुठेत, फेब्रुवारी २०१६ ला निर्णय फेसबुकच्या विरुद्धच गेला. तेव्हा गठ्ठा पाठवून उपयोग नाही, नियम क्रमांक टाकायचा, अडचण एका ओळीत आणि त्याजागी कुठले शब्द हवेत ते स्वतः लिहून द्यायचे. एवढं कोणी करत नाही म्हणून वाचलं जातं असा माझा अनुभव.

गिरगाव_गच्ची:
भारी, थँक्यू! पण एनएलनेटवाले 'युरोपशी संबंध काय' विचारतायत, गिरगावचा काय संबंध दाखवू?

कुर्ला_स्लो:
अरे नेदरलँड्सच्याच लायडन विद्यापीठाचा केर्न संग्रह बघ, भारतीय भाषांच्या पुस्तकांचा एवढा साठा आहे तिथे. देवनागरी ओसीआर त्यांनाही लागणारच, तेच लिही. आणि अर्जात 'द्ध'चा नमुना आधी-नंतर असा जोड.