स्टेअरिंग जरा हललं की ट्रक पळतो – आधी कॅस्टर बघा
ट्रक स्टेअरिंग जरा हललं की बाजूला पळतो, असं कुणी विचारलं की बहुतेक जण स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळायला सांगतात, पण प्ले (स्टेअरिंगचा मोकळा खेळ) नसताना गाडी जराशा हातानं बाजूला पळत असेल तर बॉक्सला हात लावू नका, आधी कॅस्टर बघा, म्हणजे पुढचं चाक ज्या किंग पिनवर वळतं तिचा पुढे-मागे झुकाव. आमच्या जुन्या दहाचाकीला पुढचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बदलल्यावर हेच झालं होतं, टो-इन (पुढच्या चाकांची तोंडं किंचित आत असणं) बरोबर, टायर नवे, तरी हायवेला ड्रायव्हरचे खांदे भरून यायचे. खाली शिरून बघितलं तर पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मधली पाचर उलटी, जाड बाजू पुढे! ती मागे हवी, तरच किंग पिनचं डोकं मागे झुकतं आणि वळणानंतर चाक आपोआप सरळ येतं.

आणि पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर घेऊन, ड्रॅग लिंक (स्टेअरिंग बॉक्सकडून चाकांकडे जाणारा दांडा) सोडून चाकं हातानं फिरवून बघाच, जड लागली तर किंग पिन सुकलीय, आधी तिथे ग्रीस मारा.