नवऱ्याचं हाय प्रोटीन लो कार्ब डाएट बघून सासऱ्यांनीही पोळीभात सोडलाय, काय करू?

घोडबंदर_सून
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. नवरा ४१, ऐरोलीला आयटीत, दिवसभर बसून काम. जानेवारीत चेकअप केलं तेव्हा वजन ९२ आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) ६.१ आलं, डॉक्टर म्हणाले प्रीडायबेटिस आहे, वजन कमी करा. मग जिम लावली आणि तिथल्या ट्रेनरने डाएट लिहून दिलं. भात बंद, पोळी बंद, फळं बंद, दिवसाला १८० ग्रॅम प्रोटीन. सकाळी सहा अंडी, दुपारी चिकन, संध्याकाळी पनीर आणि दोन स्कूप व्हे (दुधापासूनची प्रोटीन पावडर). तीन आठवड्यात साडेचार किलो कमी झाले, पँट सैल झाल्या, तो खूश आहे आणि खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. पण पोट साफ होत नाही, तोंडाला विचित्र वास येतो आणि चिडचिड वाढलीये.

खरी काळजी बाबांची, म्हणजे सासऱ्यांची आहे. वय ६८, १४ वर्षं डायबेटिस, बीपी पण आहे. मुलाचं वजन उतरलेलं बघून त्यांनीही परस्पर पोळीभात सोडला आणि दोन अंडी आणि व्हेवर आले. गोळ्या सगळ्या आधीसारख्याच चालू. परवा सकाळी उपवनला फिरायला गेले तिथे दरदरून घाम, हात थरथरायला लागले, बाकावर बसले. सोबतच्या काकांनी बिस्किट दिलं आणि घरी आणलं, तेव्हा मशीनवर ५८ आली, तीही बिस्किट खाल्ल्यावर. नवरा म्हणतो उन्हामुळे झालं असेल, डाएटने शुगर कमी होते ही तर चांगलीच गोष्ट आहे. मला ते पटत नाहीये पण मुद्देसूद सांगता येत नाही. हे डाएट चांगलं की वाईट? आणि दोघांना एकच चालेल का?

वाशीची_डाएटिशियन
ताई, आधी बाबांचं. हे वाचून झालं की लगेच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्यांच्या गोळ्यांमध्ये ग्लिमेपिराईड किंवा ग्लिक्लाझाईड आहे का बघा. या गोळ्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात, तुम्ही जेवलात की नाही हे गोळीला कळत नाही. गोळीचा डोस ठरवला तेव्हा ते दोन पोळ्या आणि भात खात होते, आता ते काढून घेतलं आणि वर चालायला गेले, तर शुगर खाली जाणारच. ७० च्या खाली म्हणजे लो, ५८ ही कौतुकाची शुगर नाही. परत असं झालं तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यायची, १५ मिनिटांनी परत मोजायची, आणि मग काहीतरी खायला द्यायचं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ हॉस्पिटल.

दुसरी गोष्ट, गोळ्यांच्या नावात शेवटी ग्लिफ्लोझिन असं काही आहे का? डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे. या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, हृदयाला आणि किडनीला चांगल्या आहेत, पण त्या चालू असताना कार्ब अगदीच कमी केले तर रक्तात किटोनचं, म्हणजे चरबी जळताना तयार होणारं, आम्ल साचू शकतं आणि फसवं म्हणजे तेव्हा मशीनवर शुगर बऱ्यापैकी नॉर्मल दिसते. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं, खूप गळून जाणं असं काही झालं तर थांबायचं नाही, कॅज्युअल्टीत न्यायचं आणि कुठली गोळी चालू आहे ते तिथे सांगायचं. कार्ब कमी झाले की शरीर मीठ आणि पाणीही जास्त बाहेर टाकतं, म्हणून बीपीच्या गोळीवर असलेल्यांना उठताना चक्कर येते, तेही विचारा त्यांना.

आणि किडनीचा रिपोर्ट शेवटचा कधी केलाय? क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट काम करतेय का ते सांगणारी रक्तातली टेस्ट, किती होतं ते बघा. १४ वर्षांच्या डायबेटिसमध्ये किडनीवर थोडा परिणाम असणं अगदी कॉमन आहे आणि अशा माणसाने प्रोटीनचा मारा करायचा नसतो.

आता तुमच्या मिस्टरांचं. त्यांच्यासाठी हे डाएट वाईटच आहे असं मी म्हणणार नाही. आपल्या ताटात कार्ब खरंच जास्त असतात, सकाळी पोहे, दुपारी पोळी आणि भात, चारला चहाबिस्किट, रात्री परत पोळीभात, आणि त्यात प्रोटीन म्हणजे एक वाटी पातळ वरण. प्रीडायबेटिसमध्ये हे कमी केलं आणि वजन उतरवलं तर फायदा नक्की होतो. प्रोटीनने पोट भरलेलं राहतं, वजन उतरताना स्नायू टिकतात. पण १८० ग्रॅम कशाला? आयसीएमआर आणि एनआयएन या सरकारी संशोधन संस्थांनी आपल्यासाठी धरलेलं रोजचं प्रमाण किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे ८८ किलोला साधारण ७३ ग्रॅम. वेट ट्रेनिंग करणाऱ्याला जास्त लागतं हे मान्य, किलोमागे १.२ ते १.६, आणि तेही जे वजन गाठायचंय त्यावर धरलं, समजा ७५ किलो, तर ९० ते १२०. धडधाकट किडनीला जास्त प्रोटीनने लगेच काही होतं असा पुरावा नाही, पण जिमच्या डाएटआधी कोणी क्रिएटिनिन बघितलं का, हा माझा प्रश्न आहे. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांचं कोणीच बघितलेलं नसतं आणि याचा मला मनापासून राग येतो.

बद्धकोष्ठ का, तर पोळी, भाकरी, फळं, कडधान्यं सगळंच गेलं म्हणजे फायबर गेलं. तोंडाचा वास किटोनचा. ताक, पालेभाज्या, काकडी, गाजर, दोन चमचे जवस, भरपूर पाणी, एवढ्याने बरंच सुधारेल.

खारघर_हिल्स
मी स्वतः १४ महिने लो कार्बवर आहे म्हणून लिहितो. वय ४७, डायबेटिस २०२३ मध्ये निघाला, एचबीएवनसी ७.४ होतं. आता ६.२ आहे आणि डॉक्टरांनी एक गोळी कमी केलीये. ढेरी गेली, दुपारी जेवल्यावर ऑफिसात जी झोप यायची ती गेली. त्यामुळे कोणी याला फॅड म्हटलं की मला पटत नाही.

पण दोन गोष्टी मला कोणी आधी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं. पहिली म्हणजे सुरुवातीला उतरतं ते सगळं वजन चरबीचं नसतं. शरीरात ग्लायकोजेन म्हणून साखरेचा साठा असतो चारपाचशे ग्रॅमचा, आणि त्याच्या एका ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं, कार्ब बंद केले की साठा संपतो आणि पाणीही निघून जातं. पहिल्या महिन्यात मी चार किलो उतरलो, मग एका लग्नात दोन दिवस जिलबी पुरी खाल्ली आणि दोन किलो परत. तेव्हा वाटलं सगळं वाया गेलं, आणि मी आठवडाभर डाएट सोडूनच दिलं. पाणी होतं ते, हे कळायला हवं होतं.

दुसरी जास्त महत्त्वाची. मी पहिले सहा महिने तूप, बटर, चीज, मलईचं पनीर बिनधास्त खाल्लं, कारण कार्ब नाहीत ना. सहा महिन्यांनी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ११८ चं १७१. डॉक्टर भडकले. मग पनीर कमी, मासे आणि अंडी ठेवली, तूप एक चमचा, बदाम शेंगदाणे मोजून, आणि रोज एक भाकरी परत आणली. तीन महिन्यात १२८ वर आलं आणि शुगर काही बिघडली नाही. म्हणून सांगतो, मिस्टरांचं लिपिड प्रोफाइल आत्ता करून ठेवा आणि तीन महिन्यांनी परत करा. आणि बाबांना आजच थांबवा, वरती ताईंनी लिहिलंय ते शंभर टक्के.

नौपाडाकर
माझं मत वेगळं आहे. आमचे आजोबा दोन वेळा भात खाऊन ८८ वर्षं जगले, कधी गोळी घेतली नाही. हे प्रोटीनचं खूळ पावडर विकणाऱ्यांनी काढलंय. वरणभात, भाजी, ताक हा पूर्ण आहार आहे, डाळीत भरपूर प्रोटीन असतं. रोज चालायला जा म्हणजे झालं.

वाशीची_डाएटिशियन
नौपाडाकर काका, वरणभात मलाही प्रिय आहे आणि डाळ तांदूळ एकत्र खाल्ले की प्रोटीन एकमेकांना पुरं पडतं हे अगदी खरं. पण शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत प्रोटीन २२ च्या आसपास आणि कार्ब ६० च्या आसपास असतात, आणि शिजवलेल्या एका वाटी वरणात पाचसहा ग्रॅम प्रोटीन येतं, पातळ असेल तर त्याहून कमी. आजोबा किती चालायचे, किती अंगमेहनत करायचे ते बघा, आपण लिफ्टने खाली उतरून रिक्षाने स्टेशनला जातो. तोच भात आता तसा जिरत नाही.

पावडरीबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. एनआयएनच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही प्रोटीन पावडर टाळायला सांगितलंय. आणि लो कार्बच चमत्कार करतं असंही नाही. स्टॅनफर्डमध्ये ६०९ लोकांवर वर्षभर अभ्यास झाला, २०१८ मध्ये छापून आला, अर्धे लो फॅट अर्धे लो कार्ब. वर्षाच्या शेवटी वजन सरासरी ५.३ आणि ६ किलो उतरलं, म्हणजे म्हणावा असा फरक नाही. दोन्हीकडे साखर, मैदा कमी करून भाज्या वाढवायला सांगितल्या होत्या. जे वर्षानुवर्षं पाळता येईल ते डाएट निवडावं, आणि घरातल्या बाईला तीन वेगळे स्वयंपाक करावे लागत असतील तर ते पाळलं जात नाही, हे मी रोज बघते. कडक किटो, म्हणजे कार्ब जवळजवळ बंद, तर मुळात १९२१ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये फिट्सच्या पेशंटसाठी सुचवलं गेलं, ते डॉक्टरांच्या देखरेखीत करायचं असतं.

चेंदणी_कोळीवाडा
तीन स्वयंपाकाचं वाचलं म्हणून लिहिते. आमच्या घरात दोघांना डायबेटिस आहे, सगळ्यांना एकच जेवण करते. पावडर एक रुपयाची आणत नाही. बांगडा, मांदेली, बोंबील, जे ताजं मिळेल ते, तळायचं नाही, तव्यावर थोड्या तेलात किंवा आंबटतिखट. भात एक मूद, भाकरी एक, बाकी ताटात भाजी आणि कोशिंबीर. वार असेल त्या दिवशी मटकीची उसळ घट्ट, किंवा पिठलं, किंवा अंड्याचं कालवण ज्याला चालतं त्याला. सोयाबीनच्या वड्या मुलांना आवडतात, स्वस्त आणि प्रोटीन पण भरपूर. फक्त सुकी मच्छी बीपीवाल्यांना जपून, मीठ फार असतं, दोनतीनदा धुतली तरी राहतं. पहिला आठवडा घरात कुरकुर होते, भात एवढाच का म्हणून, मग सवय लागते.

घोडबंदर_सून
सगळ्यांचे खूप खूप आभार, पाच दिवसांनी लिहितेय. त्याच संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला, दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन गेलो. गोळ्यांत ग्लिमेपिराईड होतीच आणि डापाग्लिफ्लोझिन पण निघाली, चार महिन्यांपूर्वी सुरू केलेली. डॉक्टरांनी ग्लिमेपिराईडचा डोस निम्मा केला. डापाग्लिफ्लोझिन चालू ठेवायची म्हणाले, किडनीसाठी हवी आहे, पण पोळीभात पूर्ण बंद करायचा नाही, आणि उलट्या जुलाब झाले, जेवण गेलं नाही तर त्या दिवशी ती घ्यायची नाही, आधी फोन करायचा. क्रिएटिनिन १.४ आलं, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) ५५. म्हणजे किडनी थोडी कमी काम करतेय आणि आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. लघवीतलं अल्ब्युमिन तपासायला दिलंय. व्हे बंद. आता दोन्ही वेळा एक पोळी, भाजी, घट्ट वरण, ताक, एक अंडं.

नवरा सोबत होता. ५८ चा अर्थ डॉक्टरांनी समजावला तेव्हा तो गप्प झाला, बाहेर आल्यावर बाबांचा हात धरून पार्किंगपर्यंत नेलं. स्वतःच्या टेस्ट पण केल्या, किडनी व्यवस्थित आहे, लिपिड उद्या येईल. ११० ग्रॅमवर यायला तयार झालाय, एक भाकरी आणि एक फळ परत सुरू केलं, पोटाचं तीन दिवसात सुधारलं.

एकच प्रश्न राहिला. सोमवारी एकादशी आहे, बाबा आयुष्यभर करतात, सासूबाई विचारतायत साबुदाण्याची खिचडी चालेल का?

वाशीची_डाएटिशियन
वेळेत गेलात, फार बरं वाटलं वाचून. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, शुगर पटकन चढते, त्यापेक्षा राजगिऱ्याची भाकरी, दही, काकडीची कोशिंबीर दाण्याचं कूट घालून, भोपळ्याची भाजी, असं नेहमीच्या जेवणाच्या वेळेलाच द्या. खिचडी हवीच असेल तर दोनतीन चमचे, चवीपुरती. निर्जळी किंवा एकवेळ अजिबात नको. आणि त्या दिवशी ग्लिमेपिराईड किती घ्यायची, डापाग्लिफ्लोझिन घ्यायची की नाही, हे रविवारीच डॉक्टरांना विचारून ठेवा, सोमवारी सकाळी गोळी घेऊन झाल्यावर नको.